तणमोराची उडी

इंदूरच्या आमच्या मेहुण्यांचा आग्रह फार दिवसांचा होता. अखेर २००५ सालच्या श्रावणांत त्यांच्यासमवेत माळव्यांतील सैलाना येथें जाण्याचा योग आला. रतलाम जिल्ह्यांतील हें गवताळ रान १९८३ सालीं एका पक्ष्याकरितां राखून ठेवण्यांत आलें. तिकडे त्यास खरमोर म्हणतात; आपण तणमोर म्हणतों.

सायंकाळीं पाऊस उघडला होता. वाटाड्यानें खुणेनेंच आम्हांस खालीं बसविलें. समोर नुसतें उंच गवत. इतक्यांत बेडूक डरकावा तसा ध्वनि झाला आणि कोंबड्याएवढा एक काळा पक्षी गवतांतून सरळ वर उसळला. पंखांवरील शुभ्र पट्टा आणि डोक्यामागील तुरे क्षणमात्र दिसले, तोंच तो पुन्हां गवतांत बुडाला. थोड्या वेळानें तसेंच, आणि पुन्हां तसेंच. मेहुणे उड्या मोजूं लागले. चाळिसाच्या पुढें अंधारानें गणति थांबविली. एक नर दिवसाकाठीं पांचशेंहून अधिक उड्या मारतो अशी नोंद आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं? मादी मातकट रंगाची, गवतांत दडून राहणारी. तिच्या दृष्टीस पडावयाचें तर गवताच्या वर दीड-दोन मीटर उसळल्यावांचून गत्यंतर नाहीं. पुढें ती जमिनीवरच तीन-चार अंडीं घालते व एकटीच उबविते. म्हणजे गवत हेंच त्यांचें लग्नमंडप आणि तेंच बाळंतघर. पावसाळ्यांत तें नांगरलें वा कापलें कीं संसार संपला. २०२१ सालीं या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

‘तण’ हा शब्द संस्कृत ‘तृण’ शब्दापासून झाला, हें मीं तीस वर्षें मुलांस शिकविलें. परंतु आपल्या तोंडीं त्याचा अर्थ उपटून टाकावयाची वस्तु एवढाच उरला. सैलान्यास जाण्यापूर्वीं चार वर्षें आमचा वडिलार्जित माळ सोयाबीनसाठीं मोडावा कीं काय, असें धाकट्या बंधूंनीं विचारिलें होतें. “नुसतें तण माजलें आहे, खुशाल नांगरा,” असें सांगून वडीलकीच्या नात्यानें मींच कागदावर सही केली.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा माळ अद्याप असेल, त्यांनीं दसऱ्यापूर्वीं त्यास विळा लावूं नये आणि श्रावणांत एक सायंकाळ तेथें जाऊन बसावें. आमच्या माळावर तणमोर होता कीं नव्हता, हें मला सांगतां येत नाहीं. साठ पावसाळ्यांत मीं तेथें कधीं बसलोंच नाहीं.