टाकाऊपासून टिकाऊ, पण कोणाच्या हातांनी?



समाजशास्त्रात एम.ए. केलं, काही वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम केलं आणि तिशी उलटल्यावर बी.एड.ला प्रवेश घेतला. सराव पाठासाठी सातवीचा वर्ग मिळाला. विषय होता कचऱ्याचा पुनर्वापर. पाठ टाचण नीट लिहिलं, हिरव्या बाणांचा तक्ता केला.

मी विचारलं, "घंटागाडीत टाकलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं?" मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्रा भंगारात विकला जातो. वेफर्सचं चमकणारं पाकीट मात्र भंगारवाला घेत नाही, असं तिने सांगितलं. माझ्या तक्त्यात एवढं नव्हतं. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, तिची आई कचरेवाली आहे." वर्ग हसला. ती खाली बसली.

मी "शांत बसा" म्हणालो आणि पुढचा मुद्दा घेतला. मागे निरीक्षक बसले होते. नंतर शेरा मिळाला: वेळेचे नियोजन उत्तम.

तो शेरा मला अजून टोचतो. जात ही केवळ कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वर्गात मात्र गप्प राहिलो.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले. शाळेत त्याचं काय झालं? बाटलीची कुंडी आणि कागदाची फुलं. याच पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. तिच्या बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया आहेत. त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. माझ्या तक्त्यात बाण होते, या बाया नव्हत्या.

पुढच्या पाठाला त्या मुलीला पुढे बोलावून तिच्या आईचं कौतुक करावं, असं वाटलं. मग थांबलो. ते त्या मुलाचंच वाक्य सभ्य भाषेत बोलणं झालं असतं. या कामाला थोर म्हणत माणसाला त्यातच डांबून ठेवायचं, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

म्हणून माझ्याच घरचा कचरा नेला आणि टेबलावर कागद पसरून त्यावर ओतला. आधी मी, मग पाळीपाळीने सगळ्यांनी तो वेगळा केला. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणं ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं, हेही शिकवलं. तोच मुलगा म्हणाला, "हे आम्ही का करायचं?" म्हटलं, "कारण तुझ्या घरचा कचरा तुझा आहे. दुसऱ्याच्या आईचा नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. एका तासाने जात जाते, असं मी म्हणणार नाही. पण आपल्यातले जे शिक्षक होत आहेत, त्यांनी एवढं तरी करावं. कचरावेचकांना हातमोजे, रास्त मोबदला आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती, हाही पर्यावरणाच्याच धड्याचा भाग आहे. त्या मुलीच्या हातात शेवटी आईचंच पोतं येणार असेल, तर आपल्या शाश्वत विकासात टिकली ती फक्त जात.