शहापूर ते शाहपुरा

आम्ही बेळगावच्या शहापूरचे आणि माझे थोरले काका भोपाळच्या शाहपुऱ्याचे. काने इकडचे तिकडे झाले, एवढाच काय तो फरक! पण तो ओलांडायला बाबांना सहा वर्षं लागली. आजी गेल्यावर शहापूरचं घर विकायचं की ठेवायचं, यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला आणि मग शब्दच संपले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईनं जाहीर केलं, "आपण जायचं. बोलावण्याची वाट बघायची नाही."

मामाच्या जुन्या जीपमध्ये स्टोव्ह, ताडपत्री, अंथरुणं आणि काकांसाठी कुंद्याचा डबा भरून आम्ही निघालो. सोलापूर झालं, अमरावतीला आत्याकडे मुक्काम झाला, बैतूल, इटारसी मागे पडलं. नर्मदा ओलांडली तेव्हा दुपार कलली होती. पुढचा रस्ता सरळ भोपाळचा. पण औबेदुल्लागंजच्या पुढं बाबा दादाला म्हणाले, "भोजपूरकडं वळव. देऊळ बघून जाऊ."

बाबा आणि देऊळ! आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो.

बेतवेच्या काठी उंचवट्यावर ते भोजराजाचं, अकराव्या शतकातलं शिवमंदिर उभं आहे. गाभाऱ्यात एकाच दगडाचं साडेसात फुटी लिंग, भोवती चाळीस फुटांच्या घरातले चार खांब. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असे. आणि एवढं असून देऊळ अपुरं! दगड वर चढवण्यासाठी मागं घातलेला मातीचा उतार अजून तिथंच आहे. आसपासच्या खडकांवर देवळाचे नकाशे कोरलेले आहेत. कामगार जेवायला गेलेत आणि आत्ता येतील, असं वाटावं. काम का थांबलं, हे कुणालाच ठाऊक नाही. शेजारचं जुनं धरण मात्र पंधराव्या शतकात होशंगशहानं फोडलं असं सांगतात. त्याच्या नावाचं होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम्) आम्ही दुपारीच मागं टाकलं होतं.

अंधार पडू लागला तसे बाबा म्हणाले, "आज इथंच राहू."

शाहपुरा तिथून जेमतेम तासाभरावर. आईनं तोंडातून अक्षर काढलं नाही, स्टोव्ह पेटवला. एका शेतकऱ्यानं खळ्यात जागा दिली. जीपला ताडपत्री बांधून आम्ही पिठलंभात खाल्ला. थंडी चांगलीच होती. बाबा मात्र बाहेर, देवळाच्या काळ्या आकृतीकडं तोंड करून बसलेले.

"एवढं करून सोडून का गेले असतील गं?" त्यांनी विचारलं.

"पैसा संपला असेल," मी म्हणाले. वाणिज्य शाखेला दुसरं काय सुचणार?

"की भांडले असतील?"

मी गप्प बसले. पहिल्या वर्षी इंग्रजीतून अकाउंट्स शिकताना मला 'वर्क इन प्रोग्रेस' समजेना, तेव्हा वहीत शाळेतल्या मराठीत लिहून ठेवलं होतं : अर्धवट काम, ताळेबंदात संपत्तीच्या बाजूला. हे बाबांना सांगावंसं वाटलं. पण वडिलांना असलं काही सांगायची आमच्याकडं पद्धत नाही.

पहाटे जाग आली ती बाबांच्या आवाजानं. जीपला टेकून ते फोनवर बोलत होते.

"अण्णा, मी."

पलीकडं बराच वेळ काहीच नाही. मग काकांचा आवाज इतका मोठ्यानं आला, की ताडपत्रीखाली मलाही ऐकू आला : "ऊटा आतेन?"

जेवलास का! सकाळचे साडेसहा वाजले होते. आजी दारात येणाऱ्या प्रत्येकाला, कुठल्याही वेळी, कन्नडमधून हेच विचारायची. दोन्ही भाऊ आपापसांत नेहमी मराठी बोलत, भांडलेही मराठीतच.

"इल्ला," बाबा म्हणाले. पुढं त्यांना बोलता येईना, म्हणून फोन आईनं घेतला.

शाहपुऱ्याच्या तलावाशी काका स्वेटर घालून रस्त्यावर उभे होते. दादानं जीप पुरती थांबवायच्या आत बाबा उतरले.

घराचा विषय दोन्ही बाजूंनी अजून निघालेला नाही. कुंद्याचा डबा मात्र काकांनी रस्त्यातच उघडला.