तामलवाडीपर्यंत

सोलापूरचं नाव काढलं की बाहेरगावच्या माणसाला आधी चादर आठवते, मग शेंगांची चटणी आणि मग ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो आणि भर दुपारी सावलीसुद्धा अंग चोरून भिंतीला चिकटते. अशा गावात एखादा पोक्त माणूस, कुणी मागं लागलेलं नसताना, हौसेनं धावत सुटला तर लोकांनी काय समजावं? आमच्या मुरारजी पेठेतल्या चहावाल्यानं आठवडाभर माझ्याकडं नुसतं पाहिलं. आठव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. "सर, रोज रोज गाडी चुकतीय होय तुमची?" त्यानं काळजीनं विचारलं.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. चाळिशी ओलांडून पाच वर्षं झाली. आमच्या धंद्यात धावण्याचा प्रसंग एकच. तासाची घंटा होते आणि हजेरीपट सापडत नाही तेव्हा. पण २०२४ च्या जून महिन्यात रक्ततपासणीच्या कागदावर साखरेचा आकडा अगदी लक्ष्मणरेषेवर येऊन उभा राहिलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "रोज चालत जा." आमच्याच महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक बरीच वर्षं धावतात. ते म्हणाले, "चालणारच आहात तर थोडं धावा. आणि धावणारच आहात तर जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन करू." विज्ञानाच्या माणसांना पहिल्या पायरीवरून एकदम शेवटचीच पायरी दिसते. मधल्या पायऱ्या माझ्या वाट्याला आल्या.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हा चमत्कारिक आकडा कुठून आला, याची हकिकत गमतीची आहे. १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली तेव्हा अंतर होतं सुमारे ४० किलोमीटर. १९०८ मध्ये लंडनला ती शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. त्या दोन ठिकाणांमधलं जे अंतर भरलं, तेच पुढं १९२१ मध्ये साऱ्या जगाला लागू झालं. राजाराणीच्या सोयीसाठी रयतेनं दमायचं, ही रीत तशी जुनीच.

हे सगळं परक्यांचं खूळ आहे असं कुणी म्हणालंच, तर मी त्याला बेळगावचं नाव सांगतो. १९१९ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती झाल्या. दोराबजी टाटांनी तिथले धावपटू पाहिले आणि त्यांच्या पुढाकारानं हिंदुस्थानातून एक लहानसा संघ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षाही जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं आणि ४५ सेकंदांत तोडलं आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. आपल्या बाजूचा माणूस शंभर वर्षांपूर्वी तिकडं जाऊन हे करून आला होता, या विचारानं माझ्या पायांना निदान धीर आला. वेग मात्र आला नाही.

मराठीचा मास्तर असल्यामुळे वाटेत शब्दही भेटतात. आमच्या सोलापुरात 'धावायला जातो' असं कुणी म्हणत नाही. 'पळायला जातो' म्हणतात. पण पळणारा बहुधा कशापासून तरी पळतो. पळ काढतो, पळपुटा ठरतो. धावणारा कुणाकडे तरी धावतो. लेकरू पडलं की आई धावते; भक्त संकटात सापडला की देव धावतो. मी पळत होतो की धावत होतो, हे पुष्कळ दिवस माझं मलाच उमगलं नव्हतं.

पहाटे साडेचारला घर सोडायचं. त्या वेळचं सोलापूर फार थोड्यांच्या ओळखीचं आहे. चार हुतात्मा चौकात चारही पुतळे अंधारात उभे असतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं गेलं. तिथून पुढं भुईकोट किल्ल्याचे बुरूज, आणि किल्ल्याला लागून सिद्धेश्वराचं तळं. पाण्याच्या मधोमध देऊळ, त्याच्या दिव्याची रेघ पाण्यात थरथरत असते. पूर्वभागात वळलं की बंद दारांआडून यंत्रमागांची खडखड ऐकू येते. आमचं गाव तीन भाषांचं. मराठी, कन्नड आणि तेलुगू. त्यामुळे धावणाऱ्या माणसाची थट्टा तिन्ही भाषांत होते आणि तिन्ही भाषांत कुत्री मागं लागतात.

एक आवाज मात्र आता त्या पहाटेत नाही. तो म्हणजे भोंगा. १८७० च्या दशकात इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं सोलापूर भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं, भोंग्यावर झोपलं. आमचे आप्पा अशाच एका गिरणीत साच्यावर होते. पाळीला चालत जायचे, चालत यायचे. सायकल घेण्याची ऐपत आली तेव्हाही ते चालतच राहिले. "पायाला वंगण लागतंय, यंत्रासारखंच," असं म्हणायचे.

मराठीतला 'चालणे' हा शब्द मोठा सोशिक आहे. माणूस चालतो, घड्याळ चालतं, घर चालतं, गिरणीही चालते. १९९० नंतरच्या दशकात आप्पांची गिरणी चालेनाशी झाली, आणि तिच्या मागोमाग आप्पाही. पहाटे चारला जाग येण्याची सवय तेवढी उरली. उठायचे, तोंड धुवायचे आणि दारातल्या बाजेवर बसून राहायचे. तरुणपणापासून दर कोजागिरीला ते तुळजापूरला पायी जायचे. तेही त्यांनी सोडलं. आईनं एकदा विचारलं तर म्हणाले, "मागायला काही राहिलं नाही." आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघा धरलेला आहे. आई गेल्यापासून बोलणंही मोजकंच.

तर पहाटे मी बुटाच्या नाड्या बांधत असायचो आणि आप्पा बाजेवर बसून पाहत असायचे. महिनाभर आम्हां बापलेकांत अवाक्षर नाही. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, "आज किती?"

"वीस किलोमीटर, आप्पा."

ते जरा हिशेबात गेले. "म्हणजे तामलवाडी," म्हणाले.

सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत आधी हिप्परग्याचं तळं लागतं, साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडी, आणि शेवटी बालाघाटचा चढ चढून तुळजापूर. जवळजवळ मॅरेथॉनचंच अंतर! त्या दिवसापासून आमच्या घरात किलोमीटर बंद झाले. सरावाचं कोष्टक आप्पांना मी त्याच मापात सांगू लागलो. आज हिप्परग्यापर्यंत, आज हिप्परग्याहून परत, आज तामलवाडीच्या थोडं पुढं.

"एक ध्यानात ठेव," आप्पा एकदा म्हणाले. "तामलवाडीपर्यंत पायांना कळू द्यायचं नाही, की आपण कुठं निघालोय. तिथवर बोलत जायचं. बोलता येईना झालं की समजायचं, पाय जोरात पडायलेत."

मी हे आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांना सांगितलं तर ते उडालेच. त्यांच्या पुस्तकांतही नेमकं हेच आहे. लांब पल्ल्याच्या सरावातलं बहुतेक धावणं संथ हवं, इतकं संथ की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. त्याचं कारण असं, की स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर सुमारे तीस किलोमीटरपर्यंतच पुरते. सुरुवातीला जो उधळपट्टी करतो त्याचा खजिना त्याआधीच रिता होतो आणि मग पाय उचलता उचलत नाहीत. म्हणून आठवड्याला थोडं थोडंच अंतर वाढवायचं, दर तीन-चार आठवड्यांनी एकदा कमी करायचं, आणि शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे पायांना विसावा द्यायचा. वाटेत घोटघोट पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, आणि आमच्या गावच्या रीतीनं खिशात गूळ-शेंगदाणे. पुस्तकानं जे प्रयोगशाळेत शोधलं ते साच्यावरच्या माणसाला पायांनी शिकवलं होतं.

ऑक्टोबरात कोजागिरी आली. कोष्टकात त्या आठवड्यात लांबची धाव होती. मी ठरवलं की धावायचं नाही. लोकांबरोबर तुळजापूरला चालत जायचं. निघताना आप्पांनी अकरा रुपये हातावर ठेवले. "माझ्या नावानं वाहा."

"काय मागू, आप्पा?"

"मागू नको काही. आठवण आहे म्हणून सांग."

वाचकहो, तो रस्ता तुम्ही एकदा पाहायलाच हवा. वाहनं वळवलेली असतात आणि साऱ्या रस्त्यावर नुसती माणसं. सोलापूरची, आसपासच्या खेड्यांतली, कर्नाटकातली. विड्या वळणाऱ्या बायका, महाविद्यालयातली पोरं, खांद्यावर लेकरू घेतलेले बाप. कितीतरी जण अनवाणी. ठिकठिकाणी मंडप घालून लोक चहा, केळी, खिचडी वाटत असतात. कुणी पायांना तेल चोळून देत असतं. "आई राजा उदो उदो" असा घोष मागून येतो, आपल्याला ओलांडून पुढं जातो. १९४८ पर्यंत या वाटेवर निजामाच्या राज्याची हद्द लागायची, कारण तुळजापूर तिकडं होतं. माणसं तेव्हाही चालतच होती. माझ्या पुढं साठीची एक बाई संबंध रात्र एकाच लयीत चालत होती. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावू दिली ती थेट १९८४ साली. तोवर त्यांना एवढं अंतर झेपायचं नाही, असं मोठमोठ्या जाणत्यांचं मत होतं. त्यातल्या एकालाही कुणी कोजागिरीला सोलापूरला आणलं नाही, एवढंच.

तामलवाडीपर्यंत मी बोलत गेलो. नंतर सगळेच गप्प होतात. फक्त पावलांचा आवाज राहतो. पहाटे घाट चढून देवळाशी पोचलो. गर्दीत कळसाकडं पाहून अकरा रुपये वाहिले आणि निरोप सांगितला. माझ्या आजूबाजूला हजारो माणसं तेच अंतर चालून आली होती. त्यांच्या गळ्यात पदक नव्हतं, की हातात वेळ मोजणारं घड्याळ नव्हतं. आपण काही विशेष करतो आहोत ही माझ्या मनातली सुरसुरी त्या घाटात उतरली, आणि तिच्या जागी एक सुख आलं. मी आता कशापासून पळत नव्हतो.

डिसेंबर उजाडला. गड्ड्याची यात्रा जवळ आली. पहाटेच्या रस्त्यांवर नंदीध्वज पेलण्याचा सराव करणारी मंडळी भेटू लागली. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करायची, तीही ते उंच जड ध्वज तोलून. म्हणजे पाऊल कसं बेतानं टाकावं लागत असेल! माझा विसाव्याचा पंधरवडा सुरू होता. त्यांच्या पाठोपाठ मी हळूहळू चालत जायचो.

१९ जानेवारी २०२५ च्या पहाटे मुंबईला शिवाजी महाराज टर्मिनसापासून निघालो. हजारो बूट एका लयीत वाजत होते आणि मला कोजागिरीचा रस्ता आठवत होता. अर्धं अंतर मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांशी गप्पा मारत काढलं. ते बँकेतून निवृत्त झालेले होते आणि नातवाचं कौतुक सांगत होते. छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ आला. पाय आता सर्व काही जाणून होते. तो चढ मी चालत चढलो. शेवटी घड्याळात पाच तास आणि बारा मिनिटं झाली होती. चौगुल्यांना तेवढ्या वेळात अँटवर्पहून परत निघता आलं असतं.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. त्यांनी वेळ विचारली नाही.

"तामलवाडीपर्यंत बोलत गेलास?"

"हो."

"आणि घाट?"

"घाट चालत चढलो, आप्पा."

"चालतंय," ते म्हणाले.

साखरेचा आकडा आता रेषेच्या आत आहे आणि डॉक्टर खूश आहेत. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारीतल्या एका पहाटे मी नाड्या बांधत होतो, तेव्हा आप्पा बाजेवरून उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "तळ्यापर्यंत सोड मला." तेव्हापासून ते रोज सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी चालतात. आधी एक बाक ते दुसरं बाक, मग जरा पुढं. मी धावत फेऱ्या मारतो. दर फेरीला ते कुठवर आले ते मी पाहतो, आणि दर फेरीला माझा वेग जास्त झाला असेल तर ते काठी वर करतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा यंदाची कोजागिरी होऊन गेलेली असेल. आप्पांनी जाहीर केलं आहे की ते हिप्परग्यापर्यंत येणार. तिथून रिक्षानं घरी. बरोबर पाण्याची बाटली घ्यायची, वाटेत दोनदा बसायचं, असा सगळा बेत ठरला आहे. मी त्यांना विचारलं की हिप्परग्याला बरं वाटलं तर पुढं काय करायचं. त्यांनी मला दटावलं. पायांना म्हणे त्यांनी अजून काहीच कळू दिलेलं नाही.