चेंडू नाही, खांदा बघ!

दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्राउंडवर आमचा व्हॉलीबॉल असतो. मागच्या रविवारी समोरच्याचे सलग चार स्मॅश माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर आदळले आणि मी आपला जागच्या जागी पुतळा. "तुझे रिफ्लेक्सेस स्लो झालेत रे," टीममधल्या काकांनी निदान केलं. तिशी अजून आली नाही आणि हे ऐकायचं? लागलं मनाला.

घरी येऊन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली जपानच्या महिलांची ब्राँझची मॅच परत बघितली. कोरियाला ३-० हरवून त्यांनी २८ वर्षांनी मेडल मिळवलं होतं. त्यांची लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून डिफेन्स करणारी खेळाडू, युको सानो. उंची १५९ सेंटिमीटर!

मग इंजिनिअरची खोड, गणित मांडलं. स्मॅश ताशी ९० किलोमीटरचा धरला तर सेकंदाला २५ मीटर. सात मीटरवरच्या खेळाडूकडे पोचायला ०.२८ सेकंद. बघून, ठरवून हात हलेपर्यंत त्यातला बराचसा वेळ संपलेला. म्हणजे चेंडू बघून पळायचं म्हटलं तर सानोलासुद्धा जमणार नाही. ती आधीच तिथे असते! सेटरचे (आपल्याकडच्या लिफ्टरचे) हात, मारणारीची धाव, तिचा खांदा, आपल्या ब्लॉकने झाकलेली बाजू... एवढ्यावरून ती उरलेली जागा ओळखते.

आणि गंमत म्हणजे याची प्रॅक्टिस करता येते. व्हिडिओ स्मॅशच्या क्षणाआधी थांबवायचा, चेंडू कुठे जाईल ते सांगायचं, मग पुढे चालवून उत्तर तपासायचं. १९६४ ला टोकियोत सोनं जिंकणाऱ्या जपानी मुलींना कोच दाईमात्सुंनी सूर मारून, लोळून लगेच उभं राहायला शिकवलं होतं. मला वाटायचं, जपानी डिफेन्स म्हणजे तेवढंच, नुसता घाम. पण लोळायचं कुठे, हे आधी कळायला नको?

आठवडाभर रोज रात्री वीस मिनिटं व्हिडिओ थांबवत बसलो. सुरुवातीला निव्वळ तुक्के. शुक्रवारपर्यंत निम्मे तरी बरोबर यायला लागले.

आज सकाळी चेंडू सोडून खांद्याकडे बघितलं. दोन स्मॅश चक्क उचलले! काका म्हणाले, "काय खाऊन आलास रे?" तिसऱ्या वेळी पठ्ठ्याने खांदा जोरात फिरवला आणि चेंडू हलकेच नेटजवळ टपकवला. मी मागे, चेंडू पुढे, कोपर सोललेलं.

असो. पुढच्या रविवारी मनगटही बघायचंय :)