एक यंत्र घ्यावयाचे आहे

सुरतेजवळील कठोर गावी १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू. पुण्याच्या भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ त्यांनी १९११ साली रोवली. १९२२ साली बुवा निवर्तले, तेव्हा हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघू लागून वीस वर्षे झाली होती. तरीही बुवांचे गाणे आज कोणास ऐकावयास मिळत नाही; ते कसे होते हे पुस्तकांत वाचावे लागते. उलट, काही काळ बुवांपाशी शिकलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. बाई गोव्यातील केरीच्या. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस त्यांचा अभिमान अंमळ अधिक आहे, तेवढे वाचकांनी सोसून घ्यावे.

शाळेसाठी एक लहानसा रेकॉर्डर घ्यावा, असे यंदा आमच्या मनाने घेतले आहे, आणि त्यास कारण आहेत एका विद्यार्थ्याचे आजोबा. खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेल्या या गृहस्थांनी सारा जन्म मागावर काढला आणि रात्री भजन गाइले. वय ८१. तार षड्ज आता क्वचितच लागतो. परंतु खर्जातील एक गंभीर कंप अद्याप तसाच आहे, आणि तो आम्ही अन्यत्र ऐकलेला नाही.

मुले त्यांचे गाणे मोबाइलवर टिपतात. पण मोबाइल मुख्यतः बोलणे ऐकविण्यासाठी घडविलेला. आवाज चढला की तो आपण होऊन दाबतो, आणि गवई श्वास घेण्यास थांबला की मागचा तंबोरा व पंख्याची घरघर फुगवून पुढे आणतो. गाण्यातला चढउतार त्यामुळे सपाट होतो. आजोबांचा तो कंप तर पार हरपतो. म्हणून यंत्र कोणतेही घ्या, त्यातील हे आपोआप जुळविणे बंद करता आले पाहिजे. मग तबला जुळविताना पातळी पाहून घ्यावी आणि मोठ्यात मोठा सूरही शून्याच्या खाली १२ डेसिबलपर्यंतच जाईल, असे ठेवावे. शून्य ओलांडले की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. झूम कंपनीच्या २०२४ साली आलेल्या एच-१ एसेन्शियलसारख्या यंत्रांत ३२ बिट फ्लोट नावाची सोय असते; तिने ही चिंता बहुतेक मिटते.

खरा प्रश्न मायक्रोफोनचा. एक जात चहूंकडचे सारखे ऐकते. टास्कॅमच्या डीआर-०५एक्स या यंत्रावर तशी जोडी बसविलेली आहे. दुसरी जात समोरचे अधिक ऐकते व पाठीमागचे टाळते. एच-१ एसेन्शियलवर अशी जोडी एकमेकींवर तिरपी बसविलेली असते. दुकानदार बहुधा दुसरीची शिफारस करतात, कारण मागचा खोकला व खुर्च्यांची खरखर तीत कमी येते. पण या जातीस एक खोड आहे: गाणारा दूर असला की खालचे सूर ती पातळ करते. डग्ग्याची घुमक आणि खर्ज यांवरच घाव! मांडवाच्या शेवटच्या रांगेतून टिपावयाचे असेल तर दुसरी बरी. परंतु आम्हांस गवयाच्या पुढ्यात दीड हातावर यंत्र ठेवण्यास मिळणार आहे. तेव्हा पहिलीच जात घ्यावी, असे आमचे मत झाले आहे. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यासमोर मात्र कोणतीही ठेवू नये. तिच्याखाली घडी केलेले फडके घालावे, म्हणजे पायांची धमधम चढत नाही. वाऱ्यासाठी स्पंजाची टोपी हवी.

साठवणीची अडचण आता उरलेली नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या मापाने आज तासास सुमारे १ गिगाबाइट लागते, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डात तीस तास. बॅटऱ्या तेवढ्या प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. काटकसर तेथे नको.

यंत्र खिशात मावते, म्हणून ते चोरून लावण्याचा मोह होतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्याने कलावंताचा आपल्या गायनावरील हक्क मान्य केला आहे. पण कायदा नसता तरी गाणाऱ्याच्या नकळत त्याचा आवाज उचलणे आम्हांस रुचले नसते. आम्ही आजोबांस विचारावयास गेलो. त्यांनी थोडा वेळ विचार केला व म्हणाले, "टिपा खुशाल, गुरुजी. पण आधी मला एकट्याला ऐकवायचं. बेसूर निघालं तर पुसून टाकायचं."

अट आम्ही मान्य केली. खरेदीच्या यादीत कानाला लावावयाच्या एका चांगल्या हेडफोनची त्यामुळे भर पडली आहे. आजोबांस डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात आणण्याची सोय आहे की नाही, हे दुकानात पाहावयाचे आहे.