गाडीतला वॉलपेपर

आमच्या फिरत्या वाचनालयाची गाडी जुनी. आतला वॉलपेपर फुगला होता. वर्गणीतले पैसे थोडे, म्हणून मी घाईने त्याच्यावरच नवा चिकटवला. पहिल्याच पावसात दोन्ही सुटले, पुस्तकांना बुरशी लागली. हिशेब मीच ठेवतो, तोंड कुणाला दाखवणार?

सौ. म्हणाल्या, "अहो, आधी पाणी कुठून येतं ते बघा!"

छताचा सांधा गळत होता. तो बुजवला. वॉलपेपरचा वरचा प्लास्टिकचा थर ओढून काढला. खालचा कागद कोमट पाण्याने भिजवून पट्टीने खरवडला. पाणी बेतानेच, नाहीतर प्लायवूड फुगते. काळी पडलेली फळी बदलली, ४ दिवस दारे उघडी ठेवली आणि मगच नवा कागद लावला.

पहिल्या कागदाचा खर्च वर्गणीत धरला नाही. भिजलेली २१ पुस्तके अजून आमच्या घरी पंख्याखाली आहेत.