तेरा भागांची गोष्ट

"रामायण दिसतं, भारत एक खोज दिसतं, मग हेच का नाही दिसत?"

बाबांचा हा प्रश्न गेल्या दिवाळीतला. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून दुपारी जेवण झालं की फोन घेऊन बसतात आणि जुनं काहीतरी शोधतात. टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलून शोधतात. फोनशी मात्र अगदी अदबीने बोलतात, बँकेतल्या साहेबांशी बोलावं तसं.

तर त्यांना हवी होती १९९१ सालची एक मराठी मालिका. नाव लिहीत नाही, कारण ती काही गाजली-बिजली नव्हती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तेरा भाग झाले आणि संपली. चाळीतल्या एका शिक्षकाच्या घरची साधी गोष्ट. पण आईला फार आवडायची. बाबा तेव्हा पेपर वाचता वाचता एका डोळ्याने बघायचे. आता त्यांना ती दोन्ही डोळ्यांनी बघायची होती.

मला वाटलं, त्यात काय, दहा मिनिटांत शोधून देतो. दहा मिनिटांचे दोन महिने झाले, मंडळी. मालिका मिळाली नाही, पण ती का मिळत नाही हे बरंच कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे टेप शिल्लक हवी. ऐकायला बाळबोध वाटतं, पण पूर्वी टेप इतक्या महाग होत्या की कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा मुद्रित करायचे. हे जगभर चालायचं. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठ-सत्तरच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसून टाकले. पुन्हा कोण कशाला बघेल, हा विचार. घरोघरी व्हिडिओ येईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यातले नऊ भाग २०१३ साली नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, कारण परदेशी विकलेल्या प्रती तिथे पडून होत्या. आणि जे भाग अजून हरवलेले आहेत त्यांचा निदान आवाज तरी आहे. तो कुणी जपला? घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांनी!

दुसरी गोष्ट मालकीची. 'भारत एक खोज'चे ५३ भाग दूरदर्शनसाठीच बनले आणि प्रसार भारतीने ते आपल्या संग्रहातून यूट्यूबवर ठेवले. म्हणजे एकच दार ठोठवायचं. 'रामायण' सागर मंडळींचं. त्यांची कंपनी टिकली, टेप टिकल्या, म्हणून २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ते पुन्हा लागलं. आई-बाबांनी तेव्हा सकाळ-संध्याकाळ बघितलं होतं. पण १९८४ च्या 'हम लोग'नंतर प्रायोजित मालिकांचा जमाना आला. निर्मात्याने पदराचा पैसा घालायचा आणि जाहिरातींतून तो काढायचा. त्यात कितीतरी हौशी निर्माते एखादी मालिका करून गप्प बसले. त्यांची दारं आता कुठे शोधायची?

आमच्या मालिकेचं दार मात्र सापडलं. निर्माते हयात नाहीत, पण ओळखीतून ओळख काढत त्यांच्या मुलापर्यंत पोचलो. माणूस भला. म्हणाला, "काका, टेप आहेत माळ्यावर, पण त्या यू-मॅटिकच्या. चालवायला मशीन कुठून आणू? आणि आणलं तरी दाखवायची परवानगी आहे कुठे?"

मी म्हटलं, "अहो, मालिका तुमच्याच वडिलांची ना?"

"मालिका वडिलांची. शीर्षकगीत कवीचं, चाल संगीतकाराची, कथा लेखकाची. करारात फक्त दूरदर्शनवर दाखवायचं लिहिलंय. इंटरनेटचं नावच नाही."

१९९१ सालच्या करारात इंटरनेट कुठून येणार! आणि हे नुसतं त्याचं घाबरणं नाही. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. हक्क देताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो हक्क दिला असं धरायचं नाही, असं त्यात आहे. ती दुरुस्ती पुढच्या करारांसाठी की जुन्यांनाही लागू, हा वकिलांचा प्रांत. पण एका शीर्षकगीतासाठी वकील कोण गाठणार? कायदा झाला लेखक-कलावंतांच्या भल्यासाठी, आणि ते योग्यच आहे. आधी त्यांना फार नागवलं गेलंय. पण आमच्या मालिकेपुरतं बघायचं तर कवी गेले, संगीतकार गेले, त्यांचे वारस चार गावांत. सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या, मशीन शोधायचं, टेप साफ करून घ्यायच्या, आणि बघणार कोण? माझे बाबा.

अमेरिकेतसुद्धा गाण्यांपायी हेच रामायण. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका १९७८ ते १९८२ मध्ये गाजली. रेडिओ म्हटल्यावर तिच्यात खरीखुरी लोकप्रिय गाणी. ती गाणी पुढे इतकी महाग पडली की बाजारात आणताना बरीचशी काढून दुसरंच संगीत घातलं. खूपशी मूळ गाणी परत आली ती २०१४ च्या डीव्हीडी संचात. तिथे निदान घेणारे होते. तेरा भागांच्या मराठी मालिकेला कोण आहे?

कॉपीराइट संपायची वाट बघावी, तर आपल्याकडे त्याची मुदत ६० वर्षं. १९९१ ची मालिका २०५१ अखेर मोकळी होईल. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं. तोवर चहा टाक."

असो. मी हात टेकले होते. संक्रांतीला बडोद्याहून मावशीचा फोन आला, तेव्हा सहज हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ती मालिका? तुझ्या आईने मला पाठवली होती की!"

मग आठवलं. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम मावशीला बडोद्यात दिसायचे नाहीत. (म्हणजे 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' हे तेव्हाही होतंच!) आमच्याकडे काकाने मस्कतहून आणलेला व्हीसीआर होता. आई दर आठवड्याला भाग रेकॉर्ड करायची आणि कॅसेट भरली की कुणा जाणाऱ्याबरोबर पाठवायची. मावशीच्या कपाटात दोन कॅसेट निघाल्या. एकीला बुरशी लागून ती पार गेली होती. दुसरीवर आईच्या अक्षरात लिहिलेलं : 'भाग ५ ते ८. पुसू नये.'

ओळखीच्या एका फोटोवाल्याकडून ती पेन ड्राइव्हवर करून घेतली आणि रविवारी बाबांना टीव्हीवर लावून दिली. चित्राला खालून पट्टे, आवाज कधी विहिरीतून आल्यासारखा. बाबा चष्मा पुसून बसले.

आई जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायची, म्हणजे कॅसेटमध्ये जागा वाचेल. पण दर वेळी मालिका परत सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंद गेलेले. दर वेळी पहिलं वाक्य अर्धवट. मला त्याची चीड यायला लागली. चार भाग मिळालेत, तेही असे तुटके!

"तिला धावत यावं लागायचं," बाबा एकदम म्हणाले. "पोळ्यांची वेळ असायची ना. हात पिठाचे. बटणाला पीठ लागू नये म्हणून आधी पदराला पुसायची, मग दाबायची. मी बाजूलाच असायचो पेपर घेऊन. कधी उठून दाबलं नाही."

पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

निर्मात्याच्या मुलाला मी सांगितलंय, मशीन मिळालं तर खर्चात माझा वाटा धरा. सह्यांसाठी पण फिरेन. तेराही भाग स्वच्छ, सगळ्यांना बघता यावेत असं मनापासून वाटतं.

बाबांना मात्र आता फारशी घाई दिसत नाही. दुपारी जेवण झालं की भाग पाच लावतात. जाहिरातीची जागा आली की पेपर खाली ठेवतात आणि ते दहा-पंधरा सेकंद नीट बघतात.